उलट्या काळजाची गाडी

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे. इंजिन जरा खोकलं की ही माणसं धावत येतात, पण वायरिंगचं दुखणं मात्र अंगावर काढतात. "हॉर्न मधूनच आपोआप वाजतो, पण चालतंय." "डावा दिवा लावला की वायपर थांबतो, पण चालतंय." चालतंय काय, कपाळ! साठ वर्षांपूर्वीची वायर वरून धडधाकट दिसते आणि हातात धरली की आतलं रबर बिस्किटासारखं चुरतं. मग एक दिवस धूर निघतो, आणि माणूस माझ्यावरच डोळे वटारतो की एवढे पैसे कसे झाले. कोलंबोपासून दूर, डोंगरातल्या मातले गावात बत्तीस वर्षं मी हेच ऐकतोय. सगळं गाव मला तिलक बासुन्नेहे म्हणतं, म्हणजे तिलक मिस्त्री. एक बाई सोडून.

ती बाई म्हणजे यसवती टीचर. आठवीत त्या मला विज्ञान शिकवायच्या. त्यांनी शिकवलं हे खरं, मी शिकलो असं म्हणवत नाही. ओहमचा नियम विचारला तेव्हा मी उभा राहून सांगितलं होतं, "टीचर, ओहम आमच्या बाजूचा नाही, रत्तोट्याकडचा असेल." त्या दिवशी पिळलेला कान अजून गरम आहे. आज मी चौपन्न वर्षांचा आहे, पोट सुटलंय, मुलगी लग्नाला आलीये, तरी त्यांचं दारातलं स्वागत तेच असतं: "काय रे तिलक, ओहम सापडला का?"

टीचरांचे यजमान हेरत मास्तर, रत्तोट्याचे पोस्टमास्तर. माणूस गाईसारखा गरीब, फक्त गाडीच्या बाबतीत हट्टी. एकोणीसशे अठ्ठावन्नची मॉरिस. वळताना दाराशेजारच्या खांबातून दिशा दाखवणारा पिवळा हात बाहेर येतो, ती जात. उजवा हात लगेच यायचा, डावा खांबावर बुक्की मारल्यावर. आणि या गाडीचं काळीजच उलटं. आजच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात, हिच्यात प्लस जोडायचा. नवा मिस्त्री न बघता हात घालतो आणि काहीतरी जाळून बसतो. मास्तर हसत म्हणायचे, "गाडी उलट्या काळजाची आहे खरी, पण माझ्याशी कधी तशी वागली नाही." त्यावर टीचर स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "तुमच्याशी कशाला वागेल? पगार तिला आणि शिळं मला!"

मास्तर गेले त्याला चौदा महिने झाले. आधी त्यांची एक बाजू लुळी पडली होती. त्यांना रोज व्यायामाला न्यायचं कोणी, म्हणून टीचर पासष्टाव्या वर्षी गाडी शिकल्या. आता त्या एक्काहत्तर वर्षांच्या आहेत. घर रत्तोट्याच्या वर, मिरीच्या वेलांत. बस खालच्या वळणावर सोडते, तिथून दीड मैल चढ, आणि टीचरांच्या छातीत एक झडप बसवलेली. मुलगी दुलानी कोलंबोला बँकेत असते. ती म्हणायची, अम्मा, माझ्याकडे ये. अम्मा म्हणायची, तुझ्या आठव्या मजल्यावर मी काय लावू, मिरी? शेवटी मायलेकींत तह झाला. गाडी चालते तोवर अम्मा आपल्या घरात. गाडी बसली की घराला कुलूप, आणि अम्मा कोलंबोत.

आणि मास्तर गेल्यापासून गाडी सारखी बसायला लागली.

टीचर गाडी काढायच्या कधी? एक पौर्णिमा सोडून देवळात जायला आणि त्याच फेरीत बाजार करायला. पांढरी साडी नेसून, फुलांची टोपली घेऊन बसायच्या, किल्ली फिरवायच्या, आणि पेट्रोलच्या पंपाची टकटकसुद्धा नाही. बॅटरी ठार मेलेली. मग मला फोन. "तिलक, तुझी पेशंट पुन्हा गचकली." मी मोटरसायकलला दुसरी बॅटरी बांधून धावत वर.

गाडी कोणाचीही असो, बॉनेट उघडण्याआधी आम्ही पुढच्या काचेखालच्या बुद्धमूर्तीला हात जोडतो. मास्तरांच्या गाडीत बोटभर उंचीची पांढरी मूर्ती होती, आणि तिच्यामागे कमळात एक छोटा पिवळा बल्ब. बॅटरी मेली की तोही विझलेला असायचा. मी चार्ज केलेली बॅटरी जोडली की सगळ्यात आधी तो लागायचा, आणि मला बरं वाटायचं. चला, दिवा लागला, म्हणजे सगळं जागेवर आलं. पुन्हा हात जोडून मी परत फिरायचो.

पहिल्या वेळी मी म्हणालो, डायनॅमो. गुंडाळी नवी करून आणली, अठरा हजार. दोन पौर्णिमा गेल्या आणि पुन्हा तेच. म्हणालो, मग रेग्युलेटर. साडेनऊ हजार. पुन्हा तेच. शेवटी बॅटरीच बदलली, बत्तीस हजार. माझ्या मजुरीचं नाव काढलं तर टीचर छत्री उगारायच्या, त्यामुळे तीही घ्यावी लागायची. पेन्शनीतून मोजून द्यायच्या आणि वर टोमणा: "माझ्या काळजाची झडप सरकारने फुकट बदलली. या उलट्या काळजाला मात्र दर महिन्याला नैवेद्य लागतो."

मी हसायचो, पण मनातून पार खजील व्हायचो. मूळ दुखणं मला सापडतच नव्हतं. मी अंदाजाने सामान बदलत होतो आणि एक म्हातारी बाई त्याचे पैसे भरत होती.

सात वेळा गाडी बसल्यावर दुलानीचा मला फोन आला. "तिलकदादा, कोलंबोचा एक माणूस गाडीला चांगली किंमत देतोय. मी जूनमधल्या पोसोनच्या पौर्णिमेला येते. अम्मा माझ्यासमोर किल्ली फिरवेल, त्या दिवशी तुम्ही आधी हात लावायचा नाही. चालू झाली तर मी वर्षभर ब्र काढणार नाही. नाही झाली तर त्याच दिवशी तिला घेऊन जाते." मग हळूच म्हणाली, "मागच्या महिन्यात गाडी चालू झाली नाही म्हणून ती चालत चढली. वाटेत दगडावर बसली होती. शेजारच्यांनी मला सांगितलं, तिने नाही. दादा, मला रात्री झोप लागत नाही हो."

तिचं काहीच चुकत नव्हतं. मी म्हणालो, ये तू.

पौर्णिमा शुक्रवारी होती. मंगळवारी मी दुकानाला कुलूप लावलं, मीटर आणि चार्ज केलेली बॅटरी घेतली आणि वर गेलो. टीचर अंगणात मिरी वाळत घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज न बोलावता? म्हणजे दुलानीने तुलाही दम दिलेला दिसतोय."

"आज दुखणं सापडल्याशिवाय जाणार नाही टीचर."

"मग रात्रीच्या भाताला तांदूळ जास्त टाकते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी हात जोडले, बॉनेट उघडलं, आणलेली बॅटरी बसवली. गळती शोधायची आमची पद्धत साधी आहे. किल्ली बंद ठेवायची, बॅटरीची एक पट्टी काढायची आणि परत हळूच टेकवायची. ठिणगी पडली तर समजायचं, कोणीतरी आत बसून पीत आहे. मी टेकवली. बारीकशी ठिणगी पडली.

सापडलास रे बाबा, मी म्हणालो. आता फक्त कोण, ते शोधायचं. हॉर्नची वायर सुटी केली. ठिणगी. पुढचे दिवे सुटे केले. ठिणगी. दोन्ही पिवळे हात, पंप, वायपर, डायनॅमोच्या दोन्ही वायरी, एकेक सोडवत गेलो. दोन्ही फ्यूज काढून खिशात टाकले. ठिणगी पडतच होती. गाडीत आता जोडलेलं काही उरलंच नव्हतं आणि तरी कोणीतरी पीत होतं. बत्तीस वर्षांच्या मिस्त्रीला भुताटकी मानायची वेळ आली.

मग पुन्हा एकदा पट्टी टेकवताना सहज समोर नजर गेली. काचेपलीकडे मूर्तीमागचं कमळ लुकलुकलं. पट्टी काढली, विझलं. टेकवली, लागलं.

मी दार उघडून आत उताणा झालो आणि डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं. कमळातून दोन वायरी खाली आल्या होत्या. एक बॉडीला गेली होती, आणि दुसरी ना किल्लीला, ना फ्यूजला, थेट बॅटरीवर. जोडावर हिरवी चिकटपट्टी होती. तिची टोकं आत दुमडलेली. सगळ्या मातलेत टोकं अशी दुमडणारा एकच माणूस आहे. तो तिथे उताणा पडला होता, आणि आपलंच काम साफ विसरला होता.

टीचर काळा चहा आणि गुळाचा खडा घेऊन आल्या, तेव्हा मी पायरीवर डोकं धरून बसलो होतो.

"काय, मेली का?"

क्षणभर वाटलं, उंदरावर ढकलावं. उंदराने वायर खाल्ली म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. पण आठवीतल्या टीचरसमोर खोटं बोलायला अंगात वेगळी धमक लागते. मी म्हणालो, "टीचर, मूर्तीचा दिवा थेट बॅटरीवर आहे. किल्ली बंद केली तरी तो जळत राहतो."

"कितीचा बल्ब?"

"सहा वॅट."

त्यांनी चहा पायरीवर ठेवला आणि बोटाने हवेत लिहायला लागल्या. "सहा भागिले बारा, अर्धा अँपियर. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे बारा. तीन दिवसांत छत्तीस. बॅटरी चाळीसची." बोट हवेतच थांबलं. "अरे देवा. मास्तर रोज पोस्टात जायचे, नंतर मी त्यांना रोज व्यायामाला न्यायचे, डायनॅमो रोज भरून काढायचा. आता गाडी नुसती उभी असते. तिलक, हे आठवीचं गणित आहे! तुझं मी समजू शकते, तू माठ होतास. पण मी? बत्तीस वर्षं शिकवलं मी हे!"

"टीचर, बुद्धापुढचा दिवा कोण मोजतो हो? मी सात वेळा त्याला हात जोडले आणि त्यालाच सोडून सगळी गाडी तपासली."

त्या हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, मीही हसलो. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चल, जोड तो किल्लीला. गाडी चालू तेव्हा दिवा चालू. भगवंतांना एवढं समजतं."

मी पक्कड घेतली, परत आत उताणा झालो, हिरव्या जोडापर्यंत पोचलो, आणि हात पुढे जाईना.

"काय झालं? अडकलं का काही?"

"टीचर, हा जोड मी केलाय. एकोणीस वर्षांपूर्वी."

"मग तू सोडव. त्यात काय?"

"मास्तरांना शब्द दिला होता की तुम्हाला सांगणार नाही."

मी सरकत बाहेर आलो. त्या माझ्याकडे वर्गात बघायच्या तशाच बघत होत्या, आणि त्या नजरेपुढे शब्दबिब्द टिकत नाहीत. मी सांगून टाकलं. त्यांना झडपेच्या ऑपरेशनला कॅंडीला नेलं, त्या सकाळी मास्तर दुकानात आले होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली. म्हणाले, तिलक, हा दिवा थेट बॅटरीवर घे, किल्लीवर नको. ती आत आहे. ती आत आहे तोवर हा विझता कामा नये. मी जोडून दिला. तेवीस दिवसांनी टीचर घरी आल्या, तेव्हा मी मास्तरांना विचारलं, आता किल्लीवर घेऊ का? बॅटरी खराब होईल. मास्तरांनी बॉनेट स्वतःच बंद केलं. मग म्हणाले, "राहू दे रे. लावताना लावला. आता आजपासून तिला याची गरज नाही, असं मी कुठल्या दिवशी ठरवू?" आणि जाताना बजावलं, तिला सांगू नकोस, विज्ञानाची टीचर आहे, हसेल.

टीचर हसल्या नाहीत. त्या गाडीच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"दवाखान्यात रोज संध्याकाळी यायचे," त्या म्हणाल्या. "माझ्या नाकातोंडात नळ्या. कानाशी येऊन एकच सांगायचे, 'दिवा आहे हं.' मला वाटायचं, घरची वीज गेली नाही, एवढंच सांगतायत. मी मनात म्हणायचे, मी इथे मरायला टेकलेय आणि या माणसाला विजेचं पडलंय." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "घरी आल्यावरही मी त्यांना त्यावरून चिडवलं रे. किती वर्षं चिडवलं. आणि ते नुसते हसायचे."

मला रडू आलं. लपवून काय करू, आलं.

थोड्या वेळाने त्या पुन्हा टीचर झाल्या. "हे बघ, गेल्या चौदा महिन्यांत तो सात वेळा विझला आणि मी जिवंत आहे. म्हणजे दिव्याचा आणि माझा काही संबंध नाही, हे सिद्ध झालं."

"सात वेळा मी धावत येऊन लावला ना," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीतून कमळाकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "किल्लीवर नको घेऊस. शुक्रवारी गाडी चालू नाही झाली तर जाईन मी दुलानीकडे. आठवा तर आठवा मजला. पण त्यांनी लावलेला दिवा मी माझ्या हाताने विझवणार नाही."

"कोणी विझवायला सांगतंय?" मी म्हणालो. "आणि कोणी जायला सांगतंय? माझ्या ओहमला जरा वेळ द्या."

मी मोटरसायकल काढली, खाली जाऊन एक मसूरडाळीएवढा एलईडी दिवा आणला. अडीचशे रुपये. सहा वॅटच्या जागी चिमूटभर वीज खाणारा, चार महिने जळला तरी बॅटरीला पत्ता लागणार नाही. परत आलो तर टीचरांनी मूर्तीशेजारी मातीची पणती लावून ठेवली होती. "बदलताना मध्ये अंधार नको," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. विज्ञानाची टीचर!

मी बल्ब काढला. कमळ काळं पडलं. एलईडीच्या दोन वायरी जोडल्या. काही नाही. जोड दाबून बघितले, घासले, परत जोडले. काही नाही. एकोणीस वर्षं जळलेली गोष्ट माझ्या हातून विझली, आणि ही बाई शेजारी उभी. मी तोंडातल्या तोंडात त्रिशरण म्हणायला लागलो.

"तिलक."

"थांबा टीचर, दिवा खराब निघाला. दुसरा आणतो."

"दिवा चांगला आहे. तू अजून माठ आहेस. साधा बल्ब कसाही लावला तरी जळतो, हा एकाच बाजूने जळतो. आणि गाडी कोणाची आहे?"

उलट्या काळजाची! मी वायरींची अदलाबदल केली. कमळात मऊ पिवळा उजेड आला. टीचरांनी हात जोडले. मीही जोडले. या वेळी कशाला जोडतोय ते मला माहीत होतं.

सोडलेल्या वायरी आणि खिशातले फ्यूज जागेवर बसवता बसवता म्हणालो, डायनॅमो, रेग्युलेटर, बॅटरी, सगळे पैसे परत करतो. तर म्हणाल्या, "हप्त्याने कर. आणि व्याज म्हणून ओहमचा नियम शंभर वेळा लिहून आण." माझी बायको दोन दिवस हसत होती, नवरा चौपन्नाव्या वर्षी वहीत काय गिरवतोय म्हणून.

शुक्रवारी सकाळी मी वही घेऊन वर गेलो. दुलानीची गाडी अंगणात उभी होती. मागच्या सीटवर रिकामी खोकी, सामान भरायला आणलेली. तिने मला फाटकापाशीच उभं केलं. "दादा, तिथूनच." टीचर पांढऱ्या साडीत आल्या, टोपलीत पांढरी फुलं. बसल्या. किल्ली फिरवली. पंपाची टकटक ऐकू आली. मग त्यांनी स्टार्टरची मूठ ओढली. गाडी एकदा खोकली आणि चालू झाली.

दुलानी हातातली चिकटपट्टीची रिळं धरून तशीच उभी राहिली. मग जवळ गेली, खिडकीतून आत वाकली. "काय होतं एवढं, अम्मा? शेवटी काय निघालं?"

"तुझ्या अप्पांचं काम," टीचर म्हणाल्या. "बस आत, वाटेत सांगते."

दुलानी बसली. टीचरांनी मला खुणेने बोलावलं, वही घेतली, दोन पानं चाळली, एका ओळीखाली नखाने रेघ मारली. "इथे चुकलंय." मग कमळाकडे बोट केलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "मी गेले की मग हा विझव. तूच विझवायचा, दुसऱ्या कोणी नाही. लेकीसमोर सांगून ठेवते. त्याच्या आधी हात लावलास तर कान पिळीन."

दुलानीला काही कळलं नव्हतं. ती आईकडे बघत होती. माझा हात मात्र आपोआप कानावर गेला. "नाही लावणार टीचर," मी म्हणालो. गाडी फाटकातून बाहेर पडली. वळणावर डावा हात काही बाहेर येईना, तेव्हा टीचरांनी खांबावर बुक्की मारली आणि तो आला.